मलकपेठेची भिंत आणि आपली पाटी

मराठीत ‘पाटी’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. मुलाच्या हातातली पाटी, दुकानावरची पाटी आणि डोक्यावरची पाटी. सीमाभागातील माणसाचा संबंध तिन्ही पाट्यांशी येतो; भांडण मात्र होते ते दुकानावरच्या आणि वेशीवरच्या पाटीवरून. २०१४ च्या जुलै महिन्यात येळ्ळूरच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक न्यायालयाच्या आदेशावरून हटविण्यात आला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला, तो पुन्हा हटविला गेला आणि गावावर लाठ्या चालल्या. २०२४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून नामफलकावर साठ टक्के कन्नड सक्तीची केली. महाराष्ट्राने २०२२ साली दुकान लहान असो वा मोठे, पाटीवर देवनागरीतील मराठी अक्षरे असलीच पाहिजेत, आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असा नियम केला. व्यापाऱ्यांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत देऊन नियम पाळावयास सांगितले.

पाटी कोणत्या भाषेत असावी यावर आपण पुष्कळ बोललो. पाटीवर काय लिहावे, कसे लिहावे आणि ते वाचणाऱ्याला आपले का वाटावे, यावर मात्र आपण फारसे बोलत नाही. आज आम्ही त्यावर लिहिणार आहोत, आणि त्यासाठी वाचकांना हैदराबादेतील मलकपेठेत नेणार आहोत. तेथील एका दुकानाच्या भिंतीची गोष्ट आहे. दुकान खेळाच्या कपड्यांचे आणि बुटांचे. अशा दुकानाचा आणि सीमाभागातील मराठीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध कसा येतो ते पुढे दिसेल.

दुकान ‘इथले’ दिसावे

आमचा एक माजी विद्यार्थी हैदराबादेत दुकानांच्या आतील सजावटीचे काम करतो. भिंतीवरची मोठी चित्रे, मांडण्यांवरची नावे, बाण, काउंटरमागचा फलक, ट्रायल रूमच्या दारावरची अक्षरे, हे सारे एका विचाराने बसवावयाचे असते. पूर्वी हे काम पेंटर ब्रशने करीत असे. आता संगणकावर आखून व्हिनाइलवर छापून चिकटवितात. या विद्यार्थ्याकडे मलकपेठेतील एका खेळसाहित्याच्या दुकानाचे काम आले. मालकाची अट एकच : दुकानात शिरलेल्या माणसाला आपण मलकपेठेत आहोत असे वाटले पाहिजे, कोठल्याही शहरातल्या मॉलमध्ये आहोत असे नव्हे. आसपास मराठी कुटुंबे आहेत, तेव्हा थोडी मराठीही हवी. ती तपासण्यासाठी तो आमच्याकडे आला.

ही अट त्या मालकाच्या डोक्यातून एकाएकी निघालेली नाही. जगभर मोठे व्यापारी आज याच मार्गाने चालले आहेत. नायके या बूट-कंपनीने जुलै २०१८ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या मेलरोज या भागात जे दुकान उघडले, त्यात माल कोणता ठेवावयाचा हेच मुळी त्या भागातील गिऱ्हाइकांच्या आवडीवरून ठरविले, आणि नावही त्या रस्त्याचेच दिले. आपल्या पुण्यात २०१३ साली स्टारबक्सने कोरेगाव पार्कात कॉफीचे दुकान थाटले, तेव्हा सजावटीसाठी तांबे निवडले, कारण पुण्याची तांबट आळी प्रसिद्ध आहे. कंपनी परदेशातील, माल तोच, भावही तोच. पण भिंत मात्र त्या गावची. गिऱ्हाइकाला दुकान आपले वाटले तर ते पुन्हा येते, हा त्यातला रोकडा हिशोब. कंपन्यांना आपल्या गावाचे प्रेम आले आहे असे समजण्याचे कारण नाही. पण ज्या गोष्टीची किंमत परदेशी व्यापाऱ्याला कळते, ती आपल्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला कळू नये, हे नवल आहे.

पहिला आराखडा

विद्यार्थ्याने आणलेला पहिला आराखडा आम्ही पाहिला. प्रवेशाच्या समोर चारमिनार होता. डावीकडे धावत्या माणसाची काळी आकृती होती. मराठी मजकूर संगणकाकडून करवून घेतलेला होता, आणि धावण्याच्या बुटांच्या मांडणीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘चालू बूट’. इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ. संगणकाने नको तो उचलला. मराठीत ‘चालू’ म्हणजे काय हे आमच्या सातवीच्या मुलांना विचारा. बूट चालू निघाले तर गिऱ्हाईक घेईल कशाला?

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हे. आज आपल्या भागात लागणाऱ्या कितीतरी मराठी पाट्या अशाच तयार होतात. इंग्रजीत मजकूर सुचतो, यंत्र त्याचे मराठी करते, फ्लेक्स छापणारा ते तसेच चिकटवितो, आणि ‘मराठी आहे ना?’ म्हणून आपण समाधान मानतो. अशा पाटीने भाषेची सेवा होत नाही. वाचणाऱ्या मुलाला वाटते, आपली भाषा म्हणजे दुसऱ्या भाषेचे वेडेवाकडे रूप.

चारमिनारबद्दलही आम्ही त्याला सांगितले, की चारमिनार ही साऱ्या शहराची खूण आहे, मलकपेठेची नव्हे. बिस्किटाच्या डब्यापासून बिर्याणीच्या पाटीपर्यंत ती सगळीकडे आहे. ज्या खुणेने हे दुकान आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचे दुकान सारखेच दिसेल, ती खूण मलकपेठेला काय उपयोगाची? मलकपेठेचे स्वतःचे काय आहे ते आधी शोधले पाहिजे.

मलकपेठेचे स्वतःचे

मलकपेठेचे स्वतःचे पुष्कळ आहे. कोठीकडून मुसी नदी ओलांडून चादरघाटच्या पुढे गेले की ही वस्ती लागते. अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूबवरून तिला हे नाव पडले, असे सांगतात. पेठ हा शब्द पुण्याला जितका जवळचा, तितकाच हैदराबादला : मलकपेठ, अंबरपेठ, बेगमपेठ. तेलुगूभाषक ‘पेट’ म्हणतात, आपण ‘पेठ’ म्हणतो; बाजार तोच. मलकपेठेच्या मोंढ्यात नाशिक-सोलापूरकडचा कांदा उतरतो, त्यामुळे आपल्या भागातील ट्रकवाल्यांना आणि शेतकऱ्यांना ही वस्ती नवखी नाही. डोक्यावरच्या पाटीचा संबंध येतो तो येथे.

घोड्यांच्या शर्यतीचे मैदान येथेच आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, १८८६ साली, शर्यती मौलाअलीहून मलकपेठेत आल्या. त्याच सुमारास, १८८५ साली, पुढे निजामाचे दिवाण झालेल्या आसमान जाह यांनी जवळच्या टेकडीवर आसमानगढ हा वाडा बांधला. आणि या साऱ्यांहून जुनी आहे ती रेमंडची समाधी. मिशेल रेमंड हा फ्रान्समधून आलेला सेनानी निजामाच्या चाकरीत होता. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत तो आपल्या पलटणी घेऊन मराठ्यांविरुद्ध उभा होता. त्या लढाईत मराठ्यांचा जय झाला. १७९८ साली रेमंड वारला. हैदराबादच्या सामान्य लोकांत तो प्रिय होता. त्याचे अवघड नाव लोकांनी आपल्या जिभेवर घडविले : मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणू लागले, हिंदू मूसा राम म्हणू लागले. त्यावरून त्या भागाचे नाव पडले मूसारामबाग, आणि आज मेट्रोच्या स्थानकावर तेच नाव झळकते.

आम्ही विद्यार्थ्याला म्हणालो, “बाबा, तुझ्या सगळ्या कामाचा धडा या एका नावात आहे.” स्थानिकपणा हा वरून चिकटविण्याचा कागद नव्हे. परकी वस्तू गावात येते, गावचे लोक तिला आपल्या तोंडाने नाव देतात, तेव्हा ती गावची होते. बूट परदेशी कंपनीचा असेना का. त्याला आपल्या बोलीतले नाव मिळाले की तो आपल्या अंगणात येतो.

एक खेळ, चार नावे

मग आम्ही सुचविली ती खेळांची भिंत. मुले जे खेळ खेळतात त्यांची नावे लिहा, आणि प्रत्येक खेळाचे नाव इथल्या प्रत्येक भाषेत लिहा. आपला हुतूतू तेलुगूत चेडुगुडु होतो. आपला विटीदांडू कन्नडमध्ये चिन्नीदांडू, तेलुगूत बिळ्ळंगोडु आणि उर्दूत गिल्लीदंडा. लगोरी कन्नडमध्येही लगोरीच आहे. तेलुगूत ती ‘सात खापऱ्यांचा खेळ’ अशा अर्थाने ‘एडु पेंकुलाटा’ होते. खो-खो मात्र सगळीकडे खो-खोच राहतो. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. ज्या खेळाचे नावही मराठी मुलाला आता शाळेच्या तासापुरते ठाऊक असते, त्याचे मोठे अक्षर बुटाच्या दुकानाच्या भिंतीवर दिसले, तर तो मुलगा क्षणभर थांबेल.

दुसरी भिंत आम्ही सुचविली ती एका शिक्षकाची. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने शाळामास्तर, पुढे हैदराबाद पोलिसांच्या फुटबॉल संघाचे आणि भारताच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. १९६३ साली ते गेले. त्यांच्यावर २०२४ साली हिंदी चित्रपट निघाला, म्हणून आता नाव ऐकू येते. पण मधली कित्येक वर्षे त्यांच्याच शहरातल्या मुलांना ते माहीत नव्हते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाकडून दहा गोल खाल्ल्यावर मग बूट सक्तीचे झाले. बुटांच्या दुकानात सांगावी अशी याहून चांगली हकिकत कोणती? जाहिरातीत परक्या खेळाडूचा फोटो लावण्यापेक्षा अनवाणी पायाचे एक चित्र आणि खाली चार भाषांत दोन ओळी, एवढे पुरे आहे.

मालकाने खेळांची भिंत मान्य केली. बाकीच्या सूचनांपैकी काही घेतल्या, काही सोडल्या. पैसा त्याचा, दुकान त्याचे. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

मराठीची जागा कितवी?

येथे एक अवघड प्रश्न आला, आणि तो टाळून चालणार नाही. भिंतीवर चार भाषा म्हटल्यावर वर कोण आणि खाली कोण? विद्यार्थ्याला वाटत होते, मास्तर समितीचे आहेत, मराठी वर घ्या म्हणतील. आम्ही म्हटले नाही. मलकपेठेत तेलुगू ही राज्याची भाषा आहे, उर्दू ही वस्तीची भाषा आहे आणि २०१७ पासून साऱ्या तेलंगणाची दुसरी राजभाषा आहे. तेथे मराठीने तिसरी-चौथी जागा घ्यावी, पण ती नीट घ्यावी. कोपऱ्यात नव्हे, आणि चुकीच्या शब्दांत नव्हे.

असे सांगण्याला इतिहासाचे कारण आहे. हैदराबादेत मराठी माणूस एके काळी वरच्या बाकावर बसलेला होता. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही त्या शहरातील मराठी माणसांची मोठी कामगिरी. तिच्याविषयी अभिमान बाळगावा असेच ते कार्य आहे. पण १९२१ च्या नोव्हेंबरात त्याच विवेकवर्धिनीच्या थिएटरात सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे झाली. मग अलंपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, तेव्हा सभेतील मराठी आणि उर्दू मंडळींनी टाळ्या पिटून, हुर्यो उडवून त्यांना बोलू दिले नाही. त्या अपमानातून तेलुगू तरुणांनी त्याच वेळी आंध्र जनसंघाची स्थापना केली. तेलंगणातील भाषिक जागृतीचा इतिहास लिहिणारे त्या दिवसापासून सुरुवात करतात.

ज्या निजामी राज्यात आपण आणि ते एकाच छत्राखाली होतो, ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीन तुकड्यांत वाटले गेले. बिदर जिल्ह्याचेच पाहा : उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आंध्रात गेले, बिदर-भालकी म्हैसुरात राहिले. तेव्हापासून आपण अल्पसंख्य म्हणून जगणे काय असते ते रोज शिकतो आहोत. सभेत हुर्यो झाल्यावर वेंकट रामारावांना काय वाटले असेल, ते आज भालकीच्या कचेरीत मराठी अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की जो न्याय आपण आपल्या गावात कन्नडकडे मागतो, तोच मलकपेठेत तेलुगू आणि उर्दूला द्यावयास हवा. तरच मागण्याला वजन येते.

कॅनडातील बुटांचे दुकान

या न्यायाचे एक नमुनेदार उदाहरण दूरदेशीचे आहे, आणि योगायोग असा की तेही बुटांच्या दुकानाचे. कॅनडात क्वेबेक हा फ्रेंच भाषकांचा प्रांत. इंग्रजीच्या समुद्रात आपली भाषा बुडेल या भीतीने त्यांनी १९७७ साली कायदा करून दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असाव्यात असे ठरविले. मॉन्ट्रिअलचे ब्राउन्स हे बुटांचे दुकान आणि लोकर विकणाऱ्या बाई यांच्यासह काही व्यापारी न्यायालयात गेले. १९८८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा सारांश असा : फ्रेंच पाटीवर असलीच पाहिजे, इतकेच काय ती ठळकही असली पाहिजे, असे म्हणण्याचा प्रांताला अधिकार आहे, पण दुसरी भाषा पुसून टाकण्याचा अधिकार नाही. थोडी ओढाताण होऊन १९९३ साली प्रांताने कायदा बदलला आणि फ्रेंच ठळक, इतर भाषांना मुभा, असे केले. जून २०२५ पासून तेथे फ्रेंचला इतर भाषेच्या दुप्पट जागा द्यावी लागते. तरी दुसरी भाषा पाटीवर राहते.

प्रमुख भाषेला मोठी जागा, दुसरीला जगण्याची जागा. सीमाभागातील आपले मागणे यापेक्षा वेगळे काय आहे? आपल्या राज्यघटनेचे एकोणतिसावे कलमही ज्याला स्वतःची भाषा आणि लिपी आहे अशा प्रत्येक जनसमूहाला ती जतन करण्याचा हक्क देते.

उरलेले चाळीस टक्के

आता घरच्या हिशोबाकडे येऊ. कर्नाटकाच्या कायद्याने पाटीचे साठ टक्के कन्नडला दिले, आणि तेही वरच्या भागात. आम्हाला तो कायदा जसा राबविला जातो त्याविषयी पुष्कळ म्हणावयाचे आहे, आणि समितीने ते वेळोवेळी म्हटले आहे. पण एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. उरलेले चाळीस टक्के कोणाचे?

गावातल्या बाजारपेठेतून एकदा पायी चाला आणि मोजा. मालक मराठी, गिऱ्हाईक मराठी, भाव सांगणे मराठीत, उधारीची वही मराठीत. आणि पाटीवर कन्नडखाली जे उरले ते इंग्रजीत. ‘मोबाइल शॉपी’, ‘जेन्ट्स पार्लर’, ‘फॅशन’, ‘कलेक्शन’. ती इंग्रजी कोणत्या सरकारने सक्तीची केली? कोणीही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. ज्या दुकानातून पेढे आणले त्याच्या पाटीवर मराठीचे एक अक्षर नव्हते.

शिवाय साठ टक्क्यांचे माप हे नामफलकाचे आहे. दुकानाच्या आत चार भिंती असतात. मलकपेठेच्या दुकानात जे काम झाले ते बाहेरच्या फलकावर नव्हे, आतल्या भिंतींवर झाले. आत वस्तूंची नावे, बसण्याची जागा, मापाचा तक्ता, ‘उधार मागू नये’ची सूचना, सणाच्या शुभेच्छा, गावच्या खेळाडूचा फोटो, तालमीतल्या पैलवानाचे नाव, हे सारे आपल्या भाषेत लिहिण्यापासून आपल्याला कोणी अडविले आहे?

आम्ही शिक्षक म्हणून याकडे पाहतो. मूल वाचावयास शिकते ते केवळ वर्गात नव्हे. शाळेत येण्यापूर्वीच ते एस.टी.च्या पाटीवरून, बिस्किटाच्या पुड्यावरून, वाण्याच्या फलकावरून अक्षरे ओळखू लागते. ज्या गावात पुस्तकाबाहेर मराठी अक्षर दिसत नाही, त्या गावातील मुलाला मराठी ही केवळ परीक्षेची भाषा वाटू लागते. कॅनडातील लँड्री आणि बूर्हिस या दोन अभ्यासकांनी तेथील फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९७ साली हेच मांडले, की रस्त्यावरच्या आणि दुकानांवरच्या पाट्यांतून आपली भाषा जिवंत आहे की नाही याची समजूत मुलांच्या मनात तयार होते, आणि त्या समजुतीचा त्यांच्या भाषावापराशी संबंध असतो. आमच्या मराठी शाळांचे पट घसरत आहेत. त्याची कारणे अनेक आहेत. पण घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यात मुलाला आपले एकही अक्षर भेटत नाही, हे त्यातले एक आहे, आणि ते आपल्या हातातले आहे.

कसे लिहावे

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. मलकपेठेच्या कामातून आम्हाला ज्या सांगाव्याशा वाटतात, त्या अशा.

मजकूर आधी मराठीत सुचला पाहिजे. इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्याचे मराठी करू नये. आणि मराठी करावयाचे म्हणजे संस्कृत करावयाचे असेही नव्हे. बुटाला ‘पादत्राण’ लिहिले तर गिऱ्हाईक देवळात आल्यासारखे दबकून उभे राहील. बूट, चप्पल, टी-शर्ट, ट्रॅक पँट हे शब्द आपल्या तोंडी रुळले आहेत. ते देवनागरीत बेलाशक लिहावेत. ‘चालू बूट’च्या जागी आम्ही सुचविले ‘पळायचे बूट’. ट्रायल रूमच्या दारावर ‘घालून बघा’. बोलतो तसे लिहिले की वाचणारा परका राहत नाही.

अक्षर मराठी वळणाचे असावे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरविताना ते आपले वळण कायम केले. ‘मलकपेठ’ या नावात ‘ल’ आहे, ‘भालकी’तही आहे. संगणकावर बरेचदा हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. छापणाऱ्याला तो बदलावयास सांगावे. आणि ‘ळ’ गाळून ‘ल’ लिहिण्याची सवय तर मुळीच खपवून घेऊ नये. ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘काळा’ आणि ‘काला’ हे वेगळे शब्द आहेत.

दोन-तीन लिप्या एका पाटीवर आल्या तर त्या एका घरातल्या दिसाव्यात. एक जाडजूड आणि दुसरी काडीसारखी असे नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने ‘बालू’ नावाचे अक्षर तयार केले आहे. ते देवनागरी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा अनेक लिप्यांत एकाच वळणाचे आहे आणि कोणालाही विनामूल्य वापरता येते. गावातल्या फ्लेक्सवाल्याला त्याचे नाव सांगितले की पुरे.

आकाराचा ठोकताळा असा, की दहा फुटांवरून सहज वाचावयाचे अक्षर एक इंच उंच असावे. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे चाळीस फुटांवरून वाचावयाचे असेल तर चार इंच. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून त्याहून थोडे मोठेच घ्यावे, आणि दोन ओळींत जागा सोडावी. अक्षरे आडवी दाबून बसवू नयेत. कमी शब्द लिहावेत, पण ते ताठ उभे राहू द्यावेत. आणि छापण्यापूर्वी मजकूर गावच्या शाळेतल्या मराठीच्या गुरुजींना किंवा बाईंना एकदा दाखवावा. त्याचे कोणी पैसे घेत नाही.

कन्नडच्या साठ टक्क्यांवर जेथे अन्याय होतो तेथे समिती भांडेलच. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी आणि आतल्या चार भिंतींसाठी मोर्चा काढावा लागत नाही, निवेदन द्यावे लागत नाही, न्यायालयात तारीख पडत नाही. दिवाळीपूर्वी पुष्कळ दुकाने रंगविली जातात. त्या वेळी रंगाच्या डब्याबरोबर चार मराठी शब्दही ठरवून ठेवावेत, एवढेच आमच्या दुकानदार बांधवांना सांगणे आहे.